हो म्हणण्याआधी

"घरातून कोण देणार?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा आम्ही चौघं त्यांच्या टेबलासमोर होतो. खुर्च्या दोनच, त्यांवर आई-बाबा बसलेले. मी आणि धाकटा भाऊ मागे उभे. डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आई म्हणाली, "मी." बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. डॉक्टरांनी फाईलवर काहीतरी लिहिलं आणि तपासण्यांची यादी माझ्या हातात दिली.

२०१५चा पावसाळा होता तो. भाऊ २८ वर्षांचा, कराडजवळच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. सहा महिने डोकं दुखतंय म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खात होता. एके सकाळी चेहरा सुजलेला, जेवलेलं पोटात ठरेना. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ११. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसल्या. त्या कशाने गेल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्याचे तीन दिवस, चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनीचा जोड, केला. त्यावर बोटं टेकवली की आत रक्ताची घरघर लागायची. आई रोज सकाळी चहाआधी ती घरघर बघायची आणि मगच देवापुढे दिवा लावायची.

तिच्या त्या "मी"बद्दल मी दहा वर्षं विचार करते आहे.

इतक्या झटकन उत्तर देणं हा आमच्याच आईचा स्वभाव, असं मला वाटायचं. पण १९७०मध्ये फेलनर आणि मार्शल या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी किडनी देणाऱ्यांशी बोलून जे लिहिलं, त्यात आमची आई जशीच्या तशी आहे. बहुतेकांनी गरज कानावर पडताक्षणीच मनोमन हो म्हटलं होतं, काहींनी तर फोनवरच. धोके, फायदे, शस्त्रक्रियेची माहिती हे सगळं नंतर आलं आणि त्याने निर्णयात काही फरक पडला नाही. माहिती घेऊन, विचार करून दिलेली संमती ही या बाबतीत एक दंतकथा आहे, असं त्यांनी म्हटलं. पन्नासहून जास्त वर्षं झाली त्याला. प्रत्यारोपणाची तंत्रं ओळखू येऊ नयेत इतकी बदलली, पण घरातला तो क्षण होता तसाच आहे.

*

जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात २३ डिसेंबर १९५४ रोजी झालं. रिचर्ड हेरिकच्या किडन्या गेल्या होत्या आणि रोनाल्ड हा त्याचा जुळा भाऊ. दोघं एकाच बीजातून जन्मलेले, म्हणून शरीर ती किडनी परकी मानून नाकारणार नाही हा डॉक्टरांचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. शस्त्रक्रिया करणारे जोसेफ मरे यांना पुढे १९९०चं नोबेल मिळालं. नोबेलच्या व्याख्यानात त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. शस्त्रक्रियेआधीच्या बैठकीत रोनाल्डने विचारलं, मी किडनी दिली तर पुढे आयुष्यभर माझ्या प्रकृतीची जबाबदारी रुग्णालय घेईल का? बैठकीतले एक डॉक्टर, हॅरिसन, म्हणाले, अर्थातच नाही. आणि लगेच त्यांनी उलट विचारलं, पण तुला कधी गरज पडली तर या खोलीतला कुणी तुला नाही म्हणेल असं तुला वाटतं का? रोनाल्ड थोडा थांबला, आणि आपलं पुढचं आयुष्य कागदावर नव्हे, या माणसांच्या सचोटीवर अवलंबून आहे हे त्याला उमगलं.

आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली होती, की निघून जा, घरी जा. रोनाल्डने उत्तर धाडलं, आलोय आणि राहणार आहे. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला, शुश्रूषा करणाऱ्या नर्सशीच त्याचं लग्न झालं. रोनाल्ड २०१०पर्यंत जगला.

भारतात पहिला प्रयत्न मुंबईच्या केईएममध्ये १९६५ साली झाला आणि पहिलं यश १९७१मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मिळालं. हा इतिहास बहुधा शल्यचिकित्सकांच्या नजरेने सांगितला जातो. मला मात्र त्यातली ती चिठ्ठी आणि तो प्रश्न महत्त्वाचे वाटतात. घेणारा "नको" म्हणतो आहे आणि देणारा "माझं पुढे काय?" असं विचारतो आहे. आमच्याकडे यातला दुसरा प्रश्न सहसा तोंडातून निघतच नाही.

*

तो निघत नाही याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे असं मला वाटू लागलं आहे. आपण "किडनीदान" म्हणतो. अन्नदान, विद्यादान, गोदान, कन्यादान. दान मागितल्यावर नाही म्हणणारा आपल्याकडे कृपण ठरतो, आणि दिल्यानंतर त्याचा हिशेब विचारणारा त्याहून वाईट. शिवाय यातल्या कन्यादानात जिचं दान होतं तिला कुणी विचारत नाही. मेंदूमृत माणसाच्या कुटुंबाने अवयव दिले तर त्याला दान म्हणणं मला पटतं. पण जिवंत बाईच्या पोटातून किडनी काढताना तो शब्द वापरला की तिचा नकार आधीच पाप होऊन बसतो. म्हणून मी "देणं" म्हणते. देणं म्हटलं की घेणं आलं, ठरवणं आलं, नाही म्हणणंही आलं.

बाई म्हणते आहे याला कारण आहे. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोटोच्या आकडेवारीप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यातले २९,६९५ अवयव पुरुषांना मिळाले, ६,९४५ स्त्रियांना. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत पाचांत चार स्त्रिया होत्या, मुख्यतः बायका आणि आया. आणि घेणाऱ्यांत पाचांत चार पुरुष. ऑगस्ट २०२५मध्ये नोटोने राज्यांना सूचना पाठवून प्रतीक्षायादीतल्या स्त्रियांना प्राधान्य द्यायला सांगितलं, ते यामुळेच. ही सूचना योग्यच आहे. पण यादीत नाव लागण्याआधी जे घरात ठरतं, तिथे कुठलंही परिपत्रक पोचत नाही. "त्याच्यावर घर चालतं" हे वाक्य इतकं खरं असतं की त्याच्यापुढे कुणाला बोलता येत नाही. आणि घर चालतं म्हणजे पगार येतो एवढंच धरलेलं असतं. पहाटे पाचला उठून जे चालवलं जातं ते त्या हिशेबात नसतं.

कायद्याने हे ओळखलेलं आहे हे सांगायला हवं. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा. त्यात जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण. २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं त्यात आली. सासू, सून, मेहुणा या व्याख्येत बसत नाहीत, त्यांना प्राधिकार समितीपुढे जावं लागतं. २०१४च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की देणारी स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाशिवाय दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. विवाहित मुलीला बापाला किडनी द्यायची असेल तर नवऱ्याची परवानगी कायद्याने बंधनकारक नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२मध्ये दिला.

म्हणजे कायद्याने खिडकी ठेवली आहे. ती उघडायची कुणी? माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित माणूस म्हणजे रुग्णालयातली वैद्यकीय समाजसेविका. पाट्यांवर तिचं नाव नसतं. तिची खोली बहुधा बिलिंगच्या शेजारी असते.

*

आमची समाजसेविका पन्नाशीची होती. तिने आम्हाला एकेकटं बोलावलं.

आधी भावाला. तो तीन आठवडे "आईची नको" एवढंच म्हणत होता. एका शनिवारी तर डायलिसिसला गेलाच नाही. रविवारी पहाटे धाप लागल्यावर नेला. आमचं त्याला समजावून, ओरडून, रडून झालं होतं. डायलिसिसवरच्या माणसाला निराशा येते हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. अभ्यास सांगतात की चारांत एकाला तरी ती आजार म्हणावी इतकी असते. आम्हाला तो हट्ट वाटला. समाजसेविकेने त्याला किडनीबद्दल काही विचारलंच नाही. तिने विचारलं, "तुला गोळ्या कोण देतं?" तो म्हणाला, आई. "पाणी कोण मोजतं?" आई. "मग अजून ऑपरेशनची वेळ आली नाही," ती म्हणाली. "एक महिना तू स्वतः हे सगळं करून दाखव, मग बोलू. आणि तुला नको असेल तर नाही म्हणायचा हक्क तुलाही आहे."

यामागचं शास्त्र मला पुढे कळलं. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड अशा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. टॅक्रोलिमस दर बारा तासांनी, ठरल्या वेळेला. रक्तातली लेव्हल खाली गेली की शरीर ती किडनी परकी म्हणून ओळखतं आणि रिजेक्शन सुरू होतं. फार वर गेली तर तेच औषध किडनीला इजा करतं. बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा निकामी झालेल्या प्रत्यारोपित किडन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ठिकाणी गोळ्या चुकवणं हे कारण गुंतलेलं आढळलं. सर्वांत मोठा धोका विशीच्या आसपासच्या मुलांना. आईच्या हातून गोळी घेणारा मुलगा शिकायला हॉस्टेलवर जातो, बरं वाटत असतं, आणि कुणाला कळायच्या आत डोस चुकायला लागतात. म्हणून पेशंटची तयारी म्हणजे त्याला धीर देणं नव्हे. आजार त्याच्या हातात सोपवणं, ही तयारी. आपल्याकडच्या मायेला हे फार जड जातं. आई तो महिनाभर स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहायची आणि भाऊ डबीतल्या गोळ्या चुकीच्या खणात टाकायचा.

डायलिसिसच्या दिवसांतल्या पाण्याचं सांगते. दिवसाला पाऊण लिटर, आणि त्यात चहा, आमटी, ताक सगळं आलं. बटाटे चिरून पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. शहाळं, केळं, लोणचं, पापड बंद. उन्हाळ्यात तो बर्फाचा एक खडा तोंडात धरून अर्धा तास बसे. घरातल्या कुणालाच त्याच्यासमोर पाणी पिववत नसे. बाबा पिण्याआधी उठून मोरीत जायचे. या आजारात सगळं घर आजारी पडतं असं म्हणतात, ते मला त्या मोरीत समजलं.

मग तिने आईला बोलावलं. आई बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. आत काय झालं ते तिने आम्हाला पाच वर्षांनी सांगितलं. समाजसेविकेने दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला भीती वाटते का?" आई म्हणाली, "वाटते. पण ती सांगणार कुणाला?" मग बराच वेळ ती रडली. तिला भूल दिल्यावर परत न उठण्याची भीती होती, आणि त्याहून जास्त, आपली किडनी त्याला लागलीच नाही तर आपण वाया गेलो अशी. समाजसेविकेने तिला आकड्यांत सांगितलं. देणाऱ्याच्या शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका दहा हजारांत तीनच्या आसपास. राहिलेली एक किडनी काम वाढवते आणि दोन्ही किडन्यांचं मिळून जेवढं काम होतं त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचते. आणि तरी पुढे स्वतःची किडनी जाण्याचा धोका थोडा वाढतो: २०१४च्या अमेरिकी अभ्यासात १५ वर्षांत तो देणाऱ्यांत दहा हजारांत ३१ होता, तितक्याच निरोगी पण न दिलेल्यांत ४. आई सातवी शिकलेली. तिला हे समजलं. ती म्हणाली, "एवढं आधी कुणी सांगितलं नव्हतं. आता देते." तिचा खरा "हो" मी तो धरते. डॉक्टरांच्या टेबलासमोरचा नव्हे.

शेवटी मला.

माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. रक्तगट जुळत होता. बाबांना मधुमेह, त्यामुळे ते पहिल्याच दिवशी बाद. आईचं वय ५२. वैद्यकीयदृष्ट्या माझी किडनी अधिक चांगली हे उघड होतं. सासरी कुणी नाही म्हटलं नाही. नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव," आणि ते वाक्य त्याच्या नाही म्हणण्याहून मला जड गेलं. दारामागे समाजसेविकेने विचारलं, "तुम्हाला द्यायची आहे का?" मी म्हटलं, हो. ती गप्प बसून राहिली. पंख्याचा आवाज येत होता. मग मी म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, "माहीत नाही हेही उत्तर आहे," आणि तिने काहीतरी लिहिलं. दोन दिवसांनी घरच्यांना सांगण्यात आलं, की बहिणीला अजून मूल होऊ शकतं, त्यामुळे आधी आईचंच बघू.

ते कारण खोटं नव्हतं. किडनी दिलेल्या बाईला पुढच्या बाळंतपणात रक्तदाबाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. कॅनडातल्या २०१५च्या अभ्यासात हे प्रमाण ११ टक्के होतं, न दिलेल्यांत ५. पण अनेक प्रत्यारोपण केंद्रांत अशी रीत आहे, की ज्याचं मन नाही त्याला घरच्यांसमोर उघडं न पाडता "वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही" एवढंच सांगायचं. नीतीचे अभ्यासक त्यावर वाद घालतात, की डॉक्टरांनी असं अर्धं सत्य सांगावं का. मला त्या वादात पडायचं नाही. माझ्या बाबतीत ते वैद्यकीय कारण होतं की माझ्यासाठी उघडलेलं दार, हे मी कधी विचारलं नाही. आईचं नाव पक्कं झालं त्या रात्री मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी मुलीला कुशीत घेऊन झोपले. हे भावाला सांगायला मला चार वर्षं लागली. तो म्हणाला, "मला माहीत होतं, ताई."

*

कागदपत्रांचा डोंगर सगळीकडे सारखाच असतो. रेशनकार्ड, जन्मदाखला, टिश्यू टायपिंगचा रिपोर्ट. नवरा-बायको असतील तर लग्नाचा दाखला आणि फोटो. मुलाखतीचं चित्रीकरण होतं. आई त्या दिवशी माझ्या लग्नात नेसलेली साडी नेसून आली होती. "पैसे घेतलेत का?" असं विचारल्यावर ती दुखावली. हा प्रश्न का विचारावा लागतो हे तिला बाहेर आल्यावर मी समजावलं: देशात किडन्यांचा बाजार होता म्हणून तर १९९४चा कायदा आला.

ज्यांच्या घरात जुळणारं कुणी नाही त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक अदलाबदलीची: तुमची बायको माझ्या भावाला, माझी आई तुम्हाला, २०११च्या दुरुस्तीने तिला मान्यता दिली. दुसरी मेंदूमृत दात्याच्या किडनीची. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्यांकडे यादी असते. या वाटेवरच्या माणसांचं मन वेगळ्याच रीतीने शिणतं. फोन रात्री दोनला येऊ शकतो, म्हणून बॅग भरलेली, मोबाईल उशाशी, गावाला जायचं नाही. आपल्याबरोबर राखीव म्हणून आणखी कुणाला बोलावलेलं असतं, आणि क्रॉसमॅचच्या रक्ततपासणीत तो माणूस पुढे गेला की रिकाम्या पोटाने घरी परत. डायलिसिसच्या खोलीत भावाच्या शेजारच्या पलंगावर एक शिक्षक होते. ते म्हणायचे, "पाऊस लागला, रस्त्यावर अपघात वाढले की माझ्या मनात आशा येते, आणि मग मला माझीच शरम वाटते." अशा माणसाला कुणीतरी सांगायला हवं, की तुमच्या वाट पाहण्याने कुणी मरत नाही. सहा तासांच्या अंतराने दोनदा, चार डॉक्टरांचं मंडळ मेंदूमृत्यू ठरवतं आणि त्या मंडळाचा प्रत्यारोपणाच्या पथकाशी संबंध नसतो. हे त्यांना भावानेच वाचून दाखवलं होतं.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली आहे. त्याचा मोठा आधार आहे. पण पुढची औषधं, देणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि पुण्यात खोली घेऊन राहण्याचा खर्च हे घरालाच उचलावं लागतं, आणि ते आधी बोललं गेलं नाही तर ऑपरेशननंतर भावाभावांत बोललं जातं.

*

ऑपरेशन झालं. आईची डावी किडनी काढली. त्या बाजूची शीर लांब असते म्हणून बहुधा डावीच घेतात. भावाच्या पोटात ती बसवली आणि टेबलावरच लघवी सुरू झाली. आठ महिने त्याला धड लघवी झाली नव्हती. अतिदक्षता विभागाच्या काचेतून ती पिशवी बघून बाबा रडले. दुसऱ्या दिवशी नर्सने पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, आता तीन लिटर प्यायचं. भावाला पिता येईना. इतके दिवस ज्याला भ्यायचं तेच आता औषध झालं होतं. पहिला पेला त्याने दहा मिनिटं हातात धरून ठेवला.

आई पाचव्या दिवशी घरी आली. अकराव्या दिवशी ती पोळ्या करत होती.

इथे आमचं चुकलं. आम्ही भावाची तयारी केली, त्याच्या खोलीला चुना दिला, भेटायला येणाऱ्यांसाठी मास्क आणले, पपनस आणि कच्ची कोशिंबीर वर्ज्य म्हणून फ्रीजवर यादी लावली. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही हे आजीला पटवलं. आईसाठी काहीच ठरवलं नव्हतं. तिच्या टाक्यांच्या जागी दुखायचं, आणि तिचं मन खचलं होतं. इतके महिने सगळे तिच्याभोवती होते, तिची एकेक तपासणी महत्त्वाची होती, आता फोन करणारा प्रत्येक जण विचारायचा, "किडनी कशी आहे?" आणि विचारायचं असायचं भावाबद्दल. शस्त्रक्रियेनंतर देणाऱ्याला अशी उदासी येऊ शकते हे आधी सांगण्यासारखं आहे. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही ओळखलं नाही.

भावाच्या बाजूने वेगळंच ओझं होतं. रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी या दोघी अमेरिकी अभ्यासकांनी प्रत्यारोपणाच्या कुटुंबांत अनेक वर्षं काढून त्याला देणगीचा जुलूम म्हटलं: इतकं मोठं काही मिळतं, की ते फेडता येत नाही आणि विसरताही येत नाही. आपल्याकडे आईच्या दुधाचे उपकार फिटत नाहीत असं म्हणतातच; त्यात किडनीची भर. तिसऱ्या वर्षी रात्रपाळीत भावाचे संध्याकाळचे डोस चुकले. क्रिएटिनिन १.३चं २.१ झालं, बायोप्सीत रिजेक्शन निघालं, स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन ते आटोक्यात आलं. आईने त्याला एक शब्द विचारला नाही. "ओरडली असती तर बरं झालं असतं," तो मला म्हणाला. "ती नुसती वरणभात वाढत होती." त्यानंतर ते दोघं एका दुपारी अंगणात बसून बोलले. काय ते मला माहीत नाही. पण तेव्हापासून तो तिच्या घरापासून वीस किलोमीटरवर बिऱ्हाड करून राहतो, आणि माझ्या मते ते बरं झालं. त्याचं लग्न झालं. मुलीकडच्यांना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं.

आणि आई? २०२१मध्ये लसीच्या रांगेत बसलेली असताना कुणीतरी तिचा रक्तदाब मोजला. १७०/१००. कधीपासून होता कुणास ठाऊक. सहा वर्षांत तिचं रक्त एकदाही तपासलं नव्हतं. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे भावाच्या तपासण्यांचे दिवस ठरलेले, त्याला फोन येई. आईच्या डिस्चार्ज कार्डावर तळाला एक इंग्रजी ओळ होती, की वर्षातून एकदा दाखवावे. ती ओळ तिला वाचता येत नव्हती आणि आम्ही वाचली नाही. दोष एकट्या रुग्णालयाचा नाही. दर तीन महिन्यांनी मी भावाची लेव्हल फोनवर विचारत होते, आईला कधी विचारलं नाही. सुदैवाने क्रिएटिनिन १.२वर थांबलं होतं. आता ती रोज एक गोळी घेते आणि तिच्या नावाची वेगळी फाईल आहे. ती कपाटात भावाच्या फाईलच्या वर ठेवलेली असते.

रुग्णालयांना सांगायचं आहे ते एवढंच: देणाऱ्याला पहिल्या दिवशी एकटं, दार लावून विचारा, तपासण्यांच्या आधी विचारा, आणि "माहीत नाही" म्हणायला तिला वेळ द्या. तिच्या वर्षाच्या तपासणीची तारीख पेशंटच्या तारखेबरोबरच लिहा, मराठीत लिहा.

आणि तुम्हाला. या दिवाळीत तुम्ही ज्यांच्याकडे फराळाला जाल त्यांत कुणी किडनी दिलेली आई, बायको, बहीण असेल, तर तिला या वर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासली का ते विचारा. तपासलेली नसतील तर भाऊबिजेनंतरच्या पहिल्या सोमवारी तिला घेऊन जा. सकाळची अर्ध्या तासाची गोष्ट आहे.